पेटीची किल्ली कोणाकडे?

आमच्या गावाचं नाव लासूर स्टेशन. परक्या माणसाला हे नाव सांगायचं म्हणजे तोंडी परीक्षाच. पुण्यात कोणी विचारतं, "गाव कोणतं?" मी म्हणतो, "लासूर स्टेशन." "स्टेशन कळलं हो, पण गाव?" "तेच." "म्हणजे स्टेशनवर राहता?" अशा वेळी मी 'हो' म्हणून मोकळा होतो, कारण ते फारसं खोटं नाही. लासूरगाव वेगळं. ते शिवना नदीच्या काठी, दाक्षायणी देवीचं. तालुकासुद्धा वेगळा, वैजापूर. आम्ही गंगापूर तालुक्यातले. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमाराला, मनमाडहून हैदराबादकडे गोदावरी खोऱ्याची रेल्वे निघाली. रेल्वेने आपल्या सोयीने स्टेशन बांधलं आणि स्टेशनाने आपल्या सोयीने गाव जमवलं. आधी कापूस आला, मग अडते, मग हमाल, मग चहावाले आणि सगळ्यात शेवटी मराठीचे मास्तर, म्हणजे आम्ही.

मालाच्या चढउतारातून जन्मलेल्या गावाला जगाकडे बघायची एकच रीत ठाऊक असते: हे जाणार का येणार? कांदा जाणार, मका जाणार, कापूस जाणार. पोरंही जाणार. दहावी-बारावी झाली की संभाजीनगर, मग पुणे, आणि नशीब जास्तच उघडलं तर अमेरिका. जाणाऱ्या मालाचं आम्हाला कौतुक असतं. माघारी आलेल्या मालाकडे मात्र बाजार समितीत जरा संशयानेच बघतात. भिजला असेल का? आतून सडला तर नसेल?

त्यामुळे चाकणला कारखाना असलेले आमच्याच गावचे एक साहेब "आता गावाकडे लक्ष घालणार आहेत" अशी बातमी आली, तेव्हा चहाच्या हॉटेलात पहिला प्रश्न निघाला तो, "कामून? तब्येत बरी आहे ना त्यांची?" साहेबांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर उद्यापासून त्यांच्याकडे तीन तालुक्यांतून निवेदनं जातील. मोटारीचं दार लावल्यावर जो 'खट्' आवाज येतो, त्या आवाजाचा काही हिस्सा साहेबांच्या कारखान्यात तयार होतो, एवढं कळलं तरी पुरे. आणि त्यांना करायचं होतं ते रस्ता नाही, बोअर नाही, दवाखाना नाही. तर मुलांसाठी आणि कलेसाठी काहीतरी.

"कलेसाठी?" कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने बशीतून मान वर काढली. "कोणाची पोरगी ही?"

दुसऱ्या दिवसापासून गावात कलावंतांचं जे पीक आलं, ते मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. ज्याने आयुष्यात फक्त गणपतीसमोर टाळ धरला होता, तो स्वतःला लोककलेचा उपासक म्हणू लागला. बँडवाल्याने पाटीवर 'कला अकादमी' रंगवून घेतलं. खाली जुनं 'लग्न, वरात व इतर शुभकार्ये' तसंच राहिलं, कारण पेंटर रंगाच्या डब्याइतकंच काम करतो. आणि एकतीस जणांची स्वागत समिती स्थापन झाली. त्यात अध्यक्ष एक, कार्याध्यक्ष तीन, निमंत्रक चार, बाकी सल्लागार. सतरंज्या उचलायला कोण, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

माझ्याकडे मानपत्र आलं. निवृत्त मराठी शिक्षकाला गावात दोनच कामं असतात, मानपत्र आणि श्रद्धांजली. दोन्हींतली विशेषणं सारखीच असतात, क्रियापदाचा काळ तेवढा बदलावा लागतो. मी सवयीने पहिला खर्डा केला: दानशूर, कर्मयोगी, गावाचे सुपुत्र, 'ज्यांच्या हस्तस्पर्शाने मुकी वाद्येही बोलू लागतात' वगैरे. हे शेवटचं वाक्य कुठून सुचलं मला माहीत नाही. सुचलं ते यमासारखं अचानक. समितीने वाचून दाखवायला सांगितलं आणि अध्यक्ष म्हणाले, "सर, मजकूर चांगला आहे, पण वजन नाही. मोठ्या माणसांची उदाहरणं टाका. म्हणजे साहेबांनाही कळेल, आपल्याला किती अपेक्षा आहेत."

अपेक्षा म्हणजे कमान. तुम्ही आमच्याकडे कोणताही प्रस्ताव आणा, तो शेवटी कमानीपाशी येऊन थांबतो. वाचनालय? त्याला कमान पाहिजे. स्मशानभूमी? कमान. मुलांसाठी रंगमंच म्हटल्यावर तर काय, हमरस्त्यालाच. कमानीला भिंती नसतात, छप्पर नसतं, दार नसतं, तिच्याखाली कोणी दोन मिनिटं थांबत नाही. पण नावं लिहायला जागा कशी ऐसपैस!

मी उदाहरणं शोधायला बसलो आणि तिथेच माझा घात झाला, कारण वाचताना मला गोडी लागली.

पहिले सापडले लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर नावाचं गाव आहे. तिथे १८४३ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, ज्यांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटक उभं केलं. त्याच गावात १८६९ मध्ये लक्ष्मणराव जन्मले, ज्यांनी लोखंडी नांगर केला. म्हणजे मराठी माणसाला नाटक आणि नांगर एकाच गावाने पुरवले आहेत. आणि गंमत पुढे आहे. या लक्ष्मणरावांना व्हायचं होतं चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते दाखलही झाले. पण निघालं असं की त्यांच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला रंग न कळणं म्हणजे आचाऱ्याला मीठ न कळणं. मग ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले, जिथे काळी रेघ पुरते. पुढे ती रेखाचित्रं मुंबईच्या तांत्रिक शाळेत शिकवली, मग बेळगावात सायकलींचं दुकान घातलं, मग चारा कापायची यंत्रं, मग नांगर. १९१० मध्ये बेळगावची जागा सोडायची पाळी आली, तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला. हा राजा कोण? भवानराव पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रं काढणारा, कीर्तन करणारा, प्रजेला सूर्यनमस्कार घालायला लावणारा. म्हणजे ज्याला रंग कळत होते अशा राजाने, रंग न कळणाऱ्या चित्रकाराला, निवडुंगाचा माळ देऊन नांगर करायला बसवलं. आणि त्या नांगराच्या कारखान्यातून १९२० मध्ये काय निघालं? मासिक. 'किर्लोस्कर खबर'. सुरुवातीला कारखान्याच्या बातम्यांचं. पुढे घरोघर वाचलं जाणारं 'किर्लोस्कर', त्याच्यामागून 'स्त्री', त्याच्यामागून 'मनोहर'. आमच्या घरी आजीच्या ट्रंकेत 'स्त्री'चे अंक होते. ते नांगराच्या पोटी जन्मले आहेत, हे तिला कोणी सांगितलं असतं तर तिने अंकांना हळदकुंकू वाहिलं असतं.

मी हे सगळं समितीला रंगवून सांगितलं. ऐकून झाल्यावर एक निमंत्रक म्हणाले, "ते ठीक आहे. पण त्यांनी कमान कुठं बांधली?"

दुसरं उदाहरण मी मुद्दाम जवळचं घेतलं. आमच्या जिल्ह्याचा सिल्लोड तालुका संपतो आणि अजिंठ्याचा घाट उतरला की जामनेर तालुक्यात वाकोद लागतं. भवरलाल जैन तिथले, जन्म १९३७. शिकून राज्यसेवेची परीक्षा उत्तीर्ण झालेला हा मुलगा सरकारी खुर्चीत बसायचं सोडून, घरातले सात हजार रुपये घेऊन जळगावात रॉकेल विकायला लागला. आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर त्याला आधी देवऋषाकडे नेलं असतं. पुढे पाइप, पुढे ठिबक सिंचन, पुढे त्या ठिबकचं नाव जगभर. पण माणूस जळगावातून हलला नाही. तिथेच २००७ मध्ये 'अनुभूती' ही निवासी शाळा, मग ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी दुसरी, मग २०१२ मध्ये 'गांधीतीर्थ'. आणि त्यांचा मित्र कोण, तर ना. धों. महानोर. पळसखेड्याचे, सोयगाव तालुक्यातले, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. एकाने आयुष्यभर पाण्याच्या थेंबांवर कविता केल्या आणि दुसऱ्याने आयुष्यभर त्याच थेंबांचा हिशेब ठेवला. असे दोघे शेजारी बसत तेव्हा काय बोलत असतील? मला तर वाटतं, पावसाबद्दलच बोलत असतील. दोघेही शेतकरीच.

तिसरं उदाहरण आबासाहेब गरवारे, तासगावचे. मुंबईत जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीपासून सुरुवात. पुण्यात त्यांच्या नावाचं बालभवन आहे आणि संभाजीनगरला सिडकोत गरवारे कम्युनिटी सेंटर आहे. आमच्या गावची काही पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्याकडे जातात तेव्हा तिथल्या शिबिरात जाऊन येतात, आणि मग जूनमध्ये दोन आठवडे शाळेच्या पंख्याला कागदाचे पक्षी लटकत असतात. पंखा सुरू केला की वर्गभर पक्षी. इन्स्पेक्शनच्या दिवशी एक पक्षी थेट तपासणी अधिकाऱ्यांच्या चहात उतरला होता.

या तिन्ही उदाहरणांचं वजन काही केल्या कमानीच्या बाजूने पडेना. शेवटी समितीने तिन्ही नावं एका वाक्यात कोंबली आणि त्यांच्या पंक्तीला आमचे साहेब बसवले. मी हरकत घेतली नाही. मानपत्रात हरकत घेणारा मास्तर पुढच्या वेळी श्रद्धांजलीलाही बोलावला जात नाही.

साहेब यायच्या आधी त्यांच्या कंपनीची एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, स्वभावाने फार गोड. पुण्याची असूनही आमच्या चहाला नावं ठेवली नाहीत, यावरून काय ते समजा. ती सीएसआर विभागातली. गावात अर्ध्या तासात अर्थ लागला: सीएसआर म्हणजे 'सरकारी'. पूर्ण चूक म्हणता येणार नाही. २०१३ चा कंपनी कायदा, त्याचं १३५ वं कलम. पाचशे कोटींचं नक्त मूल्य, नाहीतर हजार कोटींची उलाढाल, नाहीतर पाच कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी असलं तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. कशावर करायचे याची यादी सातव्या परिशिष्टात. त्यात शिक्षण आहे आणि कला-संस्कृतीही आहे. शिवाय आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. हे कळल्यावर आमच्या एका वकील सल्लागाराने मुद्दा काढला की साहेब जन्मले लासूर स्टेशनात, तेव्हा कंपनी कुठेही असली तरी साहेबांचा स्वतःचा परिसर हाच. त्या मुलीने टॅबवर काहीतरी लिहून घेतलं. माझा अंदाज आहे, तिने 'ऊन फार आहे' असं लिहिलं असावं.

मग ती भजनी मंडळाकडे गेली. ही मुलाखत मी स्वतः ऐकली, ओट्यावर बसून.

"बुवा, तुमचं मंडळ रजिस्टर्ड आहे?"

"हाय की. पंढरपुरात."

"म्हणजे सीएसआर-वन फॉर्म भरलाय?"

"वारी भरतो आम्ही. दरसाल."

"बरं. तुमचे लाभार्थी कोण?"

बुवांनी थोडा विचार केला. "पांडुरंग."

"नाही, म्हणजे, वयोगट काय?"

"त्याचा? अठ्ठावीस युगं झाली म्हणत्यात."

मुलगी हसली आणि टॅब मिटला. मग तिने सरळ बसून अभंग ऐकला, सव्वा तास. पण अडचण खरी होती. २०२१ पासून कंपनीचा निधी घ्यायचा तर संस्थेने सरकारदरबारी नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो. त्याआधी संस्था पाहिजे, तिचा पॅन पाहिजे, तपासलेले हिशेब पाहिजेत. बुवांचा हिशेब म्हणजे देवळाच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला: 'साखर ५ कि., नारळ ११, पखवाजाची शाई बाकी'. आणि शाळेचं म्हणाल, तर आम्हाला गॅदरिंगसाठी पैसे हवे होते. मुलीने सांगितलं, एकदाच होणारा कार्यक्रम यात बसत नाही. सरकारने २०१४ मध्येच परिपत्रक काढून मॅरेथॉन, पुरस्कार, प्रायोजकत्व असल्या एकेकट्या कार्यक्रमांना बाहेर काढलं होतं. "उपक्रम पाहिजे, सर. सातत्य पाहिजे." मी म्हणालो, "बाई, आमचं गॅदरिंग दरवर्षी होतं, दरवर्षी तेच नाटक असतं आणि दरवर्षी दुसऱ्या अंकात लाइट जाते. याहून सातत्य काय असतं?"

हे मी विनोदाने म्हणालो, पण मनात कुठेतरी लागलं होतं. मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुलांसाठी 'मधुमंजिरी' केलं, रत्नाकर मतकरींनी साठच्या दशकात बालनाट्य चालवलं. आपल्या संभाजीनगरात चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी या मंडळींनी 'जिगीषा' उभी केली. पण तीही पुढे मुंबईला गेली. म्हणजे नाटकवालेसुद्धा शेवटी कांद्याच्याच वाटेने गेले. मागे राहिलं ते गॅदरिंग.

तो दिवस उजाडला. फ्लेक्स इतका मोठा की त्याच्यामागे शाळा दिसेना. त्यावर समितीचे एकतीस चेहरे, वर आशीर्वाद देणारे सात, साहेबांचा फोटो मधोमध आणि खाली कोपऱ्यात इंटरनेटवरून घेतलेलं एक गोरंपान मूल, हातात व्हायोलिन. आमच्या शाळेत व्हायोलिन नाही आणि इतकं गोरं मूलही नाही. कमान अखेर कापडाची झाली, बांबूवर. सकाळी साडेनऊला बाजार समितीकडे निघालेला कांद्याचा आयशर तिच्याखालून गेला आणि जाताना तिला बरोबर घेऊन गेला. दुपारी ती लिलावाच्या ओट्याजवळ सापडली, अर्ध्यावर 'सुस्वा' आणि अर्ध्यावर 'गतम्'.

मुलं आठपासून मैदानात. साहेब आले अकरा चाळीसला. समृद्धी महामार्गाने आले, वेळ रस्त्यात नाही गेला. तो गेला फाट्यावरच्या तीन वेगवेगळ्या सत्कारांत. मग दीपप्रज्वलन: काडी विझली, दुसरी विझली, तिसरी साहेबांनी स्वतः हाताचा आडोसा धरून पेटवली. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. पन्नाशी उलटलेली, केस मागे गेलेले, आणि काडी पेटल्यावर चेहऱ्यावर आलेला तो आनंद अगदी सहावीतला.

भाषणं झाली. ती मी सांगत नाही, तुम्ही ऐकलेली आहेत.

मग सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने भारूड म्हटलं. नाथांचं, विंचवाचं. पैठण आमच्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा भारूड म्हणजे आमच्या घरचंच. आजीचं नऊवारी दोनदा गुंडाळून नेसलेली, कपाळावर आडवं कुंकू, आणि विंचू चावल्यावर तिने जी उडी मारली, त्या उडीने व्यासपीठावरचा पाण्याचा तांब्या कलंडला. साथीला काय? वर्गशिक्षिका बाकावर दोन्ही हातांनी ठेका धरत होत्या. सूर द्यायला कोणी नाही. पोरगी स्वतःच स्वतःला सूर देत होती आणि दर कडव्याला तो थोडा वर चढत होता. शेवटच्या कडव्याला विंचू बहुधा तिच्या टाळूपर्यंत पोचला असावा.

टाळ्या थांबल्यावर साहेबांनी मुख्याध्यापकांकडे वळून विचारलं, "शाळेची पेटी होती ना? आमच्या वेळी होती."

व्यासपीठावर जी शांतता पसरली ती मी कधी श्रद्धांजलीलाही अनुभवली नाही. पेटी होती. ती कार्यालयातल्या लोखंडी कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं. किल्ली शिपाईमामांच्या करगोट्याला होती. आणि कपाटाच्या दारावर चिकटवलेला कागद होता: 'मुलांनी हात लावू नये'. शाईचा निळा रंग जाऊन तो आता जांभळा झाला होता. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "आहे साहेब. सुरक्षित आहे."

"मग वाजवत का नाही?"

पहिल्या रांगेत आमचे जुने संगीताचे गुरुजी बसले होते. वय चौऱ्याऐंशी, कानाला यंत्र, ते घरी विसरलेले. अशा माणसाला आपला आवाज कुजबुजीइतकाच वाटतो. ते शेजाऱ्याला म्हणाले आणि ते सबंध मैदानाने ऐकलं, "हाच तो! सहावीत असताना पेटीवर बसला होता. भाता फाडला यानेच. तेव्हापासून कुलूप लावलंय!"

आणि माझ्या दुर्दैवाने कार्यक्रमपत्रिकेत पुढचं नाव मानपत्र वाचनाचं होतं. मी उभा राहिलो. चष्मा लावला. किर्लोस्कर, जैन, गरवारे पार पडले आणि मग ते वाक्य आलं. गाळावं म्हटलं तर फ्रेममध्ये छापलेलं. "ज्यांच्या हस्तस्पर्शाने," मी वाचलं, "मुकी वाद्येही..." पुढचं मी वाचलं की नाही मला आठवत नाही, कारण साहेब हसत होते. खुर्चीत मागे रेलून, डोळे पुसत, चाकणचं सगळं विसरून. त्यांच्यामागून मैदान हसलं. गुरुजींना ऐकू आलं नव्हतं, पण ते सर्वांच्या वर हसले.

कपाट तिथल्या तिथे उघडलं. पेटी बाहेर आली ती जुन्या सतरंजीत गुंडाळलेली, आणि उघडल्यावर तिच्यातून निघालं उंदराचं रिकामं घरटं, निम्मा गणिताचा पेपर आणि डांबराच्या दोन गोळ्या. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, वृद्ध माणसाच्या दातांसारख्या. भात्याची घडी मधोमध फाटलेली. साहेबांनी त्या फाटीत बोट घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

दुरुस्तीचा खर्च कोणत्या सदरात दाखवायचा, हा प्रश्न त्या टॅबवाल्या मुलीलाही सुटला नाही. स्वतःच फाडलेल्या भात्याची भरपाई हे समाजकार्य होत नाही. साहेबांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढले आणि मुख्याध्यापकांनी सवयीने विचारलं, "पावती कोणाच्या नावाने?" साहेब म्हणाले, "सहावी ब."

संभाजीनगरहून पेटी दुरुस्त करणारे चाचा आले आणि शाळेच्या व्हरांड्यात दोन दिवस बसले. मला वाटतं, साहेबांच्या सगळ्या योजनेतले हे दोन दिवस सगळ्यात खरे. मधल्या सुट्टीत सगळी शाळा त्यांच्याभोवती. त्यांनी पेटीचं पोट उघडलं आणि आत पितळेचे सूर ओळीने दिसले, लांबुळक्या जिभांसारखे. एक सूर काढून त्यांनी तोंडाने फुंकला. तो खरखरला. मग छोट्या कानशीने जिभेचं टोक घासलं, पुन्हा फुंकला. "टोकाला घासलं तर चढतो, बुडाला घासलं तर उतरतो," ते म्हणाले. मग त्यांनी तोच सूर भारूडवाल्या मुलीला फुंकायला दिला. तिच्यामागे रांग लागली. त्या सुट्टीत त्रेचाळीस मुलांनी एकच 'सा' फुंकला, आणि प्रत्येकाचा निराळा निघाला. भात्याला नवं कापड, कडेला चामड्याची पट्टी, सरस लावून दाबून ठेवायचा, वर ओझं म्हणून शब्दकोश. माझाच. निवृत्तीच्या वेळी शाळेला भेट दिलेला. त्याचा उपयोग होताना मी पहिल्यांदाच पाहिला.

मुख्याध्यापक मात्र बेचैन. "परत फाटला तर?" चाचा कानशी पुसत म्हणाले, "फटेगा तो सिलेगा. बंद रखोगे तो सडेगा." मुख्याध्यापकांनी मान डोलावली आणि शिपाईमामांना विचारलं, किल्ली आहे ना.

आता पेटी पाचवीच्या वर्गात असते, टेबलावर. आधी हात कोणी लावायचा यावरून भांडणं होतात, म्हणून फळ्यावर पाळ्या लिहिलेल्या आहेत. साहेब महिन्यातून एकदा येतात, मुलांत बसतात आणि अजून बेसूर वाजवतात. वाजवून झालं की भाता तसाच उघडा टाकून उठतात. मागच्या वेळी पाचवीतला एक पोरगा ओरडला, "ओ काका, भाता लावून ठेवायचा असतो! फाटन ना!" साहेब मुकाट्याने परत फिरले. टॅबवाल्या मुलीने प्रकल्पाचा अहवाल मागवला आहे. त्यात 'परिणाम' असा रकाना आहे, आणि शेजारच्या वर्गाच्या गणिताच्या सरांनी तो भरून दिला आहे: 'डोकेदुखी'. बुवांचं मंडळ अजून नोंदणीच्या रांगेत आहे. पॅनकार्डावर जन्मतारीख काय टाकायची यावर अडलं आहे.

आणि लोखंडी कपाट? ते रिकामं राहणं शक्यच नव्हतं. साहेबांना मिळालेल्या चौदा शाली, नऊ नारळांपैकी न फोडलेले सहा, दोन सन्मानचिन्हं आणि माझं फ्रेम केलेलं मानपत्र "गाडीत जागा नाही" म्हणून शाळेतच राहिलं. मामांनी ते सगळं कपाटात नीट रचलं, मानपत्र पुसून मागे उभं केलं, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि कुलूप लावलं. दारावरचा कागद काढायचा का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, राहू द्या.